बांगडीवालीची भिंत

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो. ज्याचं अक्षर चांगलं, त्याच्यामागे सगळं गाव लागतं. तलाठ्याला अर्ज लिहून द्या, मुंबईच्या लेकाला कार्ड लिहून द्या, लग्नघर असेल तर दाराच्या दोन्ही अंगांना केळी काढून मधे नवरानवरीची नावं लिहून द्या. सत्तर सालच्या पुढची दोन-तीन वर्षं मी पारनेर तालुक्यातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शिक्षक होतो, आणि त्या काळात मी फळ्यावर जेवढं लिहिलं त्याहून जास्त भिंतींवर लिहिलं असेन.

आता शहरातली मुलं रात्रीतून भिंती रंगवतात, त्याला ग्राफिटी म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं निघतात. आमच्या गावात या प्रकाराला नाव नव्हतं, पण प्रकार होता. कोळशानं काढलेले बैल होते. चावडीच्या भिंतीवर कुस्तीचं आव्हान होतं आणि त्याच्याखाली दुसऱ्या हातानं लिहिलेली त्याची टिंगल होती. मागच्या निवडणुकीची चिन्हं होती, त्यांना शेपट्या आणि मिशा फुटलेल्या. शाळेच्या मागच्या बाजूला बाणानं विंधलेलं एक काळीज होतं, ते मी दर आठवड्याला पुसायचो आणि ते दर आठवड्याला उगवायचं. सगळ्यांत जुना नमुना मारुतीच्या देवळामागे अर्धा गाडलेला होता. वर चंद्रसूर्य, मधे झिजलेली अक्षरं आणि खाली गाढव. कुण्या राजानं कुणाला तरी जमीन दिली होती, आणि ती जो हिरावून घेईल त्याच्या आईबद्दल त्या गाढवाला साक्षीला ठेवून जे काही म्हटलेलं असतं, ते मी इथं लिहीत नाही. जाणकार अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात. मला तो दगड पाहून बरं वाटायचं. सैन्य बाळगणाऱ्या राजालाही आपलं लिहिलेलं लोक ऐकतील याची खात्री नव्हती, मग माझ्यासारख्या मास्तरचं काय?

या सगळ्यात माझ्या वाट्याला आलेली भिंत होती बांगडीवालीची.

तिला सगळं गाव चाची म्हणायचं. नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घराच्या ओट्यावर बसून ती बायकांना बांगड्या भरायची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायका तिच्याकडे यायच्या, कारण तिच्या हाताला एक कसब होतं. कसाही आखडलेला हात ती दोन्ही तळव्यांत घेऊन असा मऊ करायची की लहानातली लहान बांगडी न वाढता, म्हणजे न फुटता, मनगटावर जाऊन बसायची. वाढलीच एखादी, तर तिचं तोंड उतरायचं.

तिच्या घराची लांब बाजू रस्त्याच्या अंगाला होती आणि एसटी बरोबर तिथंच थांबायची. नगरहून दीड-दोन तास हादरे खात आलेला पुरुष खाली उतरला की धोतर सावरत थेट त्या भिंतीकडे वळायचा. कोपऱ्यापलीकडे ओट्यावर बायका हात पुढे करून बसलेल्या असायच्या. वास यायचा, आवाजही यायचा. नव्या सुना माना खाली घालून उठून जायच्या.

एका शनिवारी शाळा सुटताना चाची शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"गुर्जी, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय म्हंत्यात," ती म्हणाली. "माझ्या भिताडावर लिवून द्या, हितं घान करू नगा म्हनून. बाया याया लाजत्यात. निम्म्या जनी आता बाजारातच बांगड्या भरत्यात. समद्यांला हात जोडून झालं, कुनी ऐकत न्हाई. हे थांबलं न्हाई तर मी आपली पाथर्डीला जाती भावाकडं. तिकडं काय, दुस्काळी मुलूख, पन भाऊ तुकडा तरी सुकानं खाऊ दील."

ती रडत नव्हती, हिशेब मांडल्यासारखं बोलत होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मी म्हणालो, "चाची, उद्याच लिहून देतो. असं लिहितो की वाचणारा आल्या पावली मागे फिरेल."

रविवारी सकाळी मी जय्यत तयारीनं गेलो. आधी भिंतीला चुना दिला. तो वाळेपर्यंत गेरू भिजवला, त्यात डिंक घातला, शिंदीची काडी ठेचून कुंचला केला. निळीत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणून मधे टिचकी मारली की सरळ रेघ उमटते, तशा दोन रेघा पाडल्या. मग हातभर उंचीची अक्षरं काढायला बसलो. मजकूर ठरलेला होता: येथे लघवी करू नये.

माझी एक खोड होती. शिरोरेघ मी एका दमात ओढायचो. बाकीचे मास्तर अक्षराअक्षराला रेघ देतात, तसं केलं की शब्दाला ठिगळं लावल्यासारखी दिसतात असं माझं मत होतं, आजही आहे. तर "येथे" झालं, "लघवी" झालं. पुढे भिंतीतून एक दगड वीतभर बाहेर आलेला होता, पूर्वी तिथं म्हैस बांधत असत. त्या दगडाच्या अलीकडे "करू" बसलं आणि थोडी जागा उरली. जागा वाया कशाला घालवायची म्हणून मी तिथं "न" बसवला. दगडाच्या पलीकडे "ये" काढला. मग दम धरून "करू"पासून दगडापर्यंत एक झकास रेघ ओढली, आणि पलीकडे "ये"वर दुसरी.

चार पावलं मागे जाऊन पाहिलं. काय देखणं दिसत होतं! मी मनात होतं ते वाचलं आणि खूश झालो. आपण लिहिलेलं आपल्याला कधीच वाचता येत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. चाचीनं चहा आणला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. तिला वाचता येत नव्हतं. ती भिंतीजवळ गेली आणि ओल्या गेरूला धक्का न लावता बोटानं हवेतच एकेक अक्षर गिरवत शेवटपर्यंत गेली. नंतर दिवसभर, जी बाई येईल तिला ती भिंत दाखवून सांगत होती, "गुर्जींनी लिवून दिलंया."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी ओसरीत विडी ओढत होतो. पाहतो तर दुसरीचा अख्खा वर्ग, मुलगे तेवढे, चाचीच्या भिंतीपुढे रांगेनं उभा. मी पट्टी घेऊन धावत सुटलो.

"काय रे, मूर्खांनो! वाचता येतं की नाही?"

"येतंय की गुर्जी," रांगेच्या तोंडचा म्हणाला आणि वर्गात वाचायचा तसा बोट लावून, एकेका शब्दावर थांबत त्यानं वाचलं. "येथे. लघवी. करून. ये."

मी भिंतीकडे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रेघ जिथं तुटते तिथं शब्द संपतो, हे मीच त्यांना छडीच्या धाकानं शिकवलं होतं. आणि "जा, करून ये" हे वाक्य तर मी वर्गात दिवसातून दहा वेळा बोलायचो. पोरांनी माझंच ऐकलं होतं. सबंध नोकरीत माझं शिकवणं इतकं मनावर घेतलेला दुसरा वर्ग मला मिळाला नाही.

पोरं होती तोवर ठीक होतं. संध्याकाळच्या एसटीपर्यंत बातमी चावडीवर पोचली. सरपंच हा पन्नाशीचा, मिशाळ, मनानं वाईट नसलेला पण थट्टेपुढे कशाचीही पर्वा न करणारा गडी. तो भिंतीपुढे उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "आता गुर्जीचा हुकूमच हाय म्हनल्याव पाळाया नगं व्हय?" आणि त्यानं तो पाळला. त्याच्यामागून दहाजणांनी पाळला. गाव पोट धरधरून हसलं. मी खोलीचं दार लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी चाची शाळेत आली. वर्गाच्या दाराबाहेर थांबली. मी बाहेर आलो तेव्हा म्हणाली, "गुर्जी, मला वाचाया येत न्हाई म्हनून क्येलं?"

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी दगड सांगितला, जागा सांगितली, रेघ सांगितली. माती हातानं सपाट करून तिथं दोन्ही वाक्यं काढून दाखवली. ती खाली पाहत राहिली. दोन्ही वाक्यं तिला सारखीच दिसत असणार. शेवटी म्हणाली, "असंल. तुमी म्हंता तर असंल." तिचा विश्वास बसला नाही हे तिच्या आवाजावरून कळत होतं, आणि तो बसवायला माझ्याजवळ अक्षरांखेरीज काही नव्हतं. तीच तर बाटली होती.

मी भिंत पुन्हा चुन्यानं झाकली आणि या वेळी दगडाच्या खालून, दोन शब्दांमधे चांगली वीतभर जागा सोडून, बिनचूक लिहिलं. उपयोग शून्य. गावाला लागलेली गोडी काही सुटेना. तिसऱ्या दिवशी माझ्या ओळीखाली कुणीतरी कोळशानं लिहिलं, "मग कुटं?"

प्रश्न रास्त होता. त्या थांब्यावर दुसरी सोयच नव्हती. पण मला प्रश्नापेक्षा आधी ते "कुटं" खटकलं. खिशात खडू होताच. मी आजूबाजूला पाहिलं, "कुटं" खोडून वर "कुठे" लिहिलं आणि गुपचूप पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कोळसा बोलला, "गुर्जी, आमी लिवलं ते कळलं का न्हाई?" त्या "कळलं"वर मात्र अनुस्वार अगदी जागच्या जागी होता. माझा एक तरी विद्यार्थी यात आहे एवढीच ती काय जमेची बाजू.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सरपंच म्हणाला, भिंतीवर देव काढा, देवापुढं कुनी असलं करनार न्हाई. चाचीनं कानाला हात लावले. "तुमचा देव मी हितं या घानीत राकनीला बसवू? आन उद्या कुनी मोडलं मंग मला गावात ठेवताल व्हय?" तिचं बोलणं खरं होतं. दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं देवळामागच्या गाढवाच्या दगडाची आठवण करून दिली. तशी सणसणीत शिवी लिहा म्हणाला. त्यावर चाची एवढंच म्हणाली, "ज्याच्या आईला शिवी द्यायाची, ती आई माझ्याच वट्ट्यावर येती की बांगड्या भराया."

आणि एका संध्याकाळी तिनं मला घरी बोलावून पोस्टकार्ड पुढे केलं. "लिवा भावाला. मला न्ह्यायाला ये म्हनावं. गाडी घिऊन ये, सामान हाय."

मी लिहिलं. तिनं ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग ती कार्ड घेऊन बाहेर गेली आणि रस्त्यानं जाणाऱ्या चौथीतल्या मुलीकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. मी आतच बसून होतो. इतकी शरम मला पुढे कधी वाटली नाही. पाचव्या दिवशी भावाचं उलट कार्ड आलं. तो घोडेगावच्या बाजारात एक बैलजोडी बघायला जाणार होता, तो बाजार झाला की गाडी घेऊन येतो, महिनाभर थांब.

त्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी पुन्हा चुन्याची बादली घेऊन भिंतीशी होतो. निदान जाईपर्यंत तरी तिची भिंत स्वच्छ असावी, यापलीकडे काही सुचत नव्हतं. कोपऱ्यापलीकडे ओट्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या. मी त्यांना दिसत नव्हतो, पण बोलणं ऐकू येत होतं.

"घोडेगाववाली, हात ढिला सोड. अगं म्हसरावानी ताठती काय?" हशा. "आता तू ये, वांबोरीची. तुला हिरव्या का?"

एक नवी सून म्हणाली, "चाची, तुमी कुनाचं नावच कसं घेत न्हाई? समद्यांला गावानंच हाका मारता."

"नाव तुमचं लग्नात बदललंया," चाची म्हणाली. "आईनं ठिवलेलं येक, सासूनं ठिवलेलं येक. कोनचं ध्यानात ठिवू? गाव कुनी बदलत न्हाई. म्हायेर हाय त्येच ऱ्हातं."

काचेचा आवाज थांबला. मग एकदम हाक आली, "गुर्जी! भिताडापाशी हायसा न्हवं? गेरू हाय का घरी?"

मी गेरू घेऊन आलो तेव्हा बायका कोपरा वळून भिंतीपुढे उभ्या होत्या. चाची म्हणाली, "लिवा. घोडेगाव."

"घोडेगाव? पुढे काय?"

"फुडं काय न्हाई. नुसतं घोडेगाव. हिचं म्हायेर. मंग हिचं लिवा, वांबोरी. मंग हिचं."

मला उमगायला जरा वेळ लागला आणि उमगलं तेव्हा हसूच फुटलं. त्या गावातल्या प्रत्येक बाप्याची आई कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेली होती. ते गाव म्हणजे त्याचं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खायला जायचं, आजीच्या पदराशी झोपायचं, मामाच्या खांद्यावर बसून जत्रा बघायची, ते गाव. त्यावर कुणाची धार धरायची छाती आहे?

बातमी पसरली आणि बायकांची रीघ लागली. राहुरी, जामखेड, सुपे, निघोज. टाकळीच्या तिघी निघाल्या आणि तिघींच्या टाकळ्या तीन वेगळ्या तालुक्यांत, त्यावरून भांडण जुंपलं. प्रत्येकीला आपली टाकळी वर हवी होती. मी तिन्ही एका ओळीत लिहून सुटका करून घेतली. पारनेरची एक होती, तिला तालुक्याचं ठिकाण म्हणून ठळक अक्षर हवं होतं. एका म्हातारीला आपल्या माहेराचं नाव नीट सांगता येईना, नदीकाठी आहे आणि मोठी चिंच आहे एवढंच तिला पक्कं माहीत होतं. तिच्यासाठी मी चिंच काढली.

मी गमतीनं विचारलं, "पुढे खूण म्हणून अंगठा घ्यायचा का?"

"अंगठा कशापायी?" चाची म्हणाली. "कर्ज घेतलंया का कुनी? पुरा हात उमटवा."

मग प्रत्येकीनं गेरूत तळवा बुडवून आपल्या गावापुढे हात उमटवला. बांगड्यांच्या कडाही मनगटाशी उमटल्या. सरपंचाची आई आली, पंचाहत्तरीची, काठी टेकत. तिचं माहेर भाळवणी. तिची करंगळी लहानपणी उखळात सापडून वाकडी झालेली, ती वाकडी करंगळी भिंतीवर जशीच्या तशी उतरली.

"चाची, आता तुमचं," मी कुंचला भिजवत म्हणालो. "पाथर्डी."

"माझं नगं," ती म्हणाली. "या समद्या हितं नांदत्यात, म्हनून त्यांचं म्हायेर लिवायचं. मी तर निगाली तिकडं."

संध्याकाळच्या एसटीतून सरपंच नगरहून आला. मी शाळेच्या ओसरीतून पाहत होतो, खोटं कशाला बोलू, मुद्दाम थांबलो होतो. तो सवयीनं भिंतीकडे वळला. थांबला. मान पुढे करून पाहू लागला. त्याला दोन यत्तांइतकं वाचता येत होतं, पण ती करंगळी वाचायला यत्तेची गरज नव्हती. धोतराचा सोगा सोडून त्यानं दोन्ही हात अंगरख्याच्या खिशात घातले आणि रस्ता ओलांडून थेट घरी गेला. मी ओसरीत एकटाच टाळ्या पिटणार होतो, पण आवरलं.

तीन-चार दिवसांत भिंत कोरडी पडली. "मग कुटं?" या प्रश्नालाही उत्तर द्यावं लागलं. थांब्यापासून जरा लांब, बाभळीखाली पंचायतीनं जुन्या पत्र्यांचा आडोसा उभा केला. बायका पुन्हा ओट्यावर निवांत बसू लागल्या. भिंतीपुढून जाताना कुणी सासुरवाशीण जरा थांबायची, आपल्या गावावरून हात फिरवायची आणि घागर घेऊन पुढे जायची. हे पाहताना मला जे सुख व्हायचं ते मी कुठल्याही बक्षिसाशी बदललं नसतं. भिंतीवरच्या अक्षरांत मी काही अलंकार घातले नव्हते, शिरोरेघाही बायकांच्या घाईगर्दीत वेड्यावाकड्या झाल्या होत्या. तरी माझ्या हातून इतकं चांगलं काही लिहून झालं नाही.

चाचीचं सामान मात्र बांधलेलंच होतं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "आज हाय, उद्या कुनी चुना फासला मंग? भिताडाचं काय खरं हाय?"

आणि झालंही तसंच. पंधराएक दिवसांनी जीपमधून तालुक्याचे विस्तार अधिकारी आले. बरोबर रंगारी आणि पत्र्याचा साचा. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावातल्या ठळक भिंतीवर काढायचा होता, आणि एसटीतून उतरल्या उतरल्या दिसणारी भिंत एकच होती. साहेब स्वभावानं शांत, पण घाईत होते. अजून दोन गावं उरकायची होती.

"गुरुजी, चुन्याची बादली आणा. हे सगळं पुसून घ्या."

मी कायम झालो नव्हतो. साहेबांच्या एका शेऱ्यावर माझी नोकरी होती. मी बादली आणली. हे मला लिहायला आवडत नाही, पण आणली. सरपंच तिथंच होता, त्यानं खाली मान घातली. ओट्यावरच्या बायका उठून कोपऱ्याशी आल्या.

चाची पुढे आली. तिनं हात जोडले नाहीत. म्हणाली, "पुसा, साहेब. सरकारचं काम हाय. पन आदी वाचून घ्या. न वाचता पुसलं तर तुमाला कळनार न्हाई काय पुसलं त्ये."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग उगीच वाद नको म्हणून वाचायला लागले. पहिल्या ओळीत काही समजलं नाही. दुसऱ्या ओळीपाशी त्यांनी हात बघितले. मग कोपऱ्याशी उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं, आणि अगदी पहिल्यापासून सावकाश वाचू लागले. शेवटच्या टाकळीपर्यंत गेले. परत उलटे आले. ते काहीतरी शोधत होते.

"शेवगावची कुणी दिली नाही वाटतं या गावात?" ते म्हणाले.

"न्हाई, साहेब," चाची म्हणाली. "का वं? कुनाचं म्हायेर?"

"आईचं."

"हायती का त्या?"

साहेबांनी नुसतीच मान हलवली. नाहीत.

"मंग लिवा की," चाची म्हणाली. "जागा हाय."

रंगाऱ्यानं पुढे केलेला लाल रंगाचा ब्रश साहेबांनी घेतला नाही. त्यांनी गेरू मागितला. टाकळ्यांच्या खाली गुडघ्यावर बसून त्यांनी "शेवगाव" लिहिलं. अक्षर कारकुनी, घसरतं, शिरोरेघ तर तीन ठिकाणी तुटलेली. मी जन्मात पहिल्यांदा कुणाचं अक्षर मनातल्या मनात दुरुस्त केलं नाही. त्यांनी पुढे हात उमटवला नाही, तेवढी जागा मोकळीच ठेवली. लाल त्रिकोण पंचायतीच्या स्वतःच्या भिंतीवर गेला, आणि जाताना साहेब सरपंचाला सांगून गेले की ही भिंत पावसाळ्याआधी वरून झाकून घ्या, नाहीतर गेरू धुऊन जाईल.

जीप गेल्यावर चाची भिंतीपुढे येऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, "गुर्जी, आता लिवा. पाथर्डी."

मी लिहिलं. तिनं गेरूत हात बुडवला आणि पूर्ण जोर देऊन भिंतीवर टेकला. तेव्हा मी विचारलं, "भावाला दुसरं कार्ड टाकू का? येऊ नको म्हणून?"

"का म्हनून? येऊ द्या की. लई दिसांनी येतोय."

तो आला तो भर दुपारी, बैलगाडी घेऊन. गाडीत सामानाखाली घालायला कडबा आणि बांधायला नवी दोरखंडं होती. चाचीपेक्षा वयानं लहान, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्याला वाचता येत होतं. गाडी रस्त्यात थांबवून तो भिंत वाचत उभा राहिला. पाथर्डीपाशी आल्यावर पुढे वाचेना.

चाची दारात आली. आमच्यासमोर ती दोघं मराठीतच बोलली.

"आपा, सामान कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"घरात हाय. घरातच ऱ्हाईल. तू हातपाय धू, जेवाया बस."

त्यानं भिंतीवरच्या पाथर्डीकडे आणि तिच्यापुढच्या हाताकडे पाहिलं. आपला तळवा त्या हातावर ठेवून पाहिला. मग गाडीपाशी जाऊन त्यानं बैल सोडले.